ओळंबा आणि घड्याळ

माझा पुतण्या स्थापत्य इंजिनिअर झाला त्याला आता तीन वर्षे झाली. मागच्या महिन्यात एका संध्याकाळी तो घरी आला तो हातात कागद घेऊनच. कुठल्याशा मोठ्या बांधकाम कंपनीत त्याची मुलाखत ठरली होती आणि ‘यशस्वी प्रोजेक्ट मॅनेजरच्या अंगी कोणते गुण असावेत?’ हा प्रश्न तिथे हमखास विचारतात, अशी पक्की खबर त्याला लागली होती.

“काका, मी वीस गुण काढलेत. तुम्ही फक्त भाषा बघा,” तो म्हणाला.

भाषा बघणे हा आमच्या घराण्यात माझ्याकडे वंशपरंपरेने आलेला धंदा आहे. लग्नपत्रिका असो, सोसायटीची नोटीस असो की श्रद्धांजलीचा फलक असो, ऱ्हस्व-दीर्घासाठी सगळे माझ्याकडे येतात. मजकुरासाठी कोणी येत नाही. मी चष्मा लावून यादी वाचली. नेतृत्व, संवादकौशल्य, वेळेचे भान, आर्थिक शिस्त, निर्णयक्षमता, सहनशीलता, विनोदबुद्धी... वाचता वाचता मला वाटू लागले की, ही यादी वधूवर सूचक मंडळाकडे पाठवली तरी तिथे ती तशीच चालेल. इतके गुण ज्याच्या अंगी आहेत तो माणूस उन्हातान्हात खडी मोजत कशाला उभा राहील?

“भाषा ठीक आहे,” मी म्हणालो. “पण यात माणूस कुठे आहे?”

तो हसला. मराठीच्या प्राध्यापकाने बांधकामाबद्दल बोलावे याचे त्याला हसू आले असणार, आणि ते साहजिकच आहे. माझ्या नियमित वाचकांनाही हसू येईल. पण विषय निघालाच होता, तेव्हा मी त्याला त्या रात्री तीन हकीकती सांगितल्या. चौथी सांगितली नाही. ती आज या पानावर सांगणार आहे.

पहिली हकीकत रायगडची. रायगडावर गेलेल्या प्रत्येकाने जगदीश्वराच्या देवळाची पायरी पाहिलेली असते. शिवाजी महाराजांची राजधानी उभी करणाऱ्या हिरोजी इंदुलकरांचे नाव त्या पायरीवर कोरलेले आहे, आणि नावामागे विशेषण आहे ते सेवेत तत्पर असल्याचे. गडावरच्या विहिरी, तळी, वाडे, हत्तीशाळा यांचा हिशेब देवळाच्या भिंतीतील संस्कृत शिलालेखात दिलेला आहे. पायरीवर आहे ती एवढीच ओळ. आपण या ओळीकडे भाविकपणे पाहतो आणि पुढे जातो. पण बांधकामाच्या नजरेने तिच्याकडे पाहावे. उंच डोंगरावर राजधानी बांधायची म्हणजे आधी काय आणि मग काय, याचा विचार सर्वांत आधी करावा लागतो. डोंगरावर शेकडो माणसे चढवायची तर त्यांना प्यायला पाणी हवे. पाणी हवे तर टाकी आधी खोदायला हवीत. आणि टाकी खोदताना जो दगड निघेल तोच भिंतींना लागावा, म्हणजे पायथ्यापासून दगड वाहावा लागत नाही. आपल्या कितीतरी गडांवर पाण्याचे टाके हीच दगडाची खाण असते. क्रम चुकला की काम फसले. माझ्या पुतण्याच्या वीस गुणांत हा ‘क्रम’ कुठेच नव्हता. स्वयंपाक करणाऱ्या कोणत्याही बाईला तो ठाऊक असतो. कुकर आधी लावायचा की कणीक आधी भिजवायची, यावर तिचे सगळे दुपारचे वेळापत्रक अवलंबून असते.

दुसरी हकीकत बोरघाटाची. मुंबईहून पुण्याला जाताना कर्जत सुटले की आपण बटाटेवडा खात घाट पाहतो. तो रेल्वेमार्ग १८५६ मध्ये सुरू झाला आणि १८६३ मध्ये पुरा झाला. पंधरा मैलांच्या वाटेत अठराशे फुटांहून अधिक चढ आणि पंचवीस बोगदे. पहिला कंत्राटदार फॅव्हिएल नावाचा होता. मजुरीच्या तक्रारींवरून १८५९ च्या जानेवारीत त्याच्या कामावर मोठा दंगा झाला आणि त्याच वर्षी त्याने काम सोडले. मग सॉलोमन ट्रेडवेल हा नवा कंत्राटदार विलायतेहून बायकोसह आला, आणि येऊन काही आठवडे झाले नाहीत तोच आजारी पडून वारला. घाटात कॉलऱ्याने माणसे मरत होती. अशा वेळी त्याच्या विधवेने, ॲलिस ट्रेडवेल या बाईने, काय करावे? पहिली बोट पकडून मायदेशी जावे, असेच कोणीही म्हटले असते. बाईने कंत्राट आपल्या अंगावर घेतले.

बाई काही इंजिनिअर नव्हती. बोगदा कसा खोदतात हे तिला ठाऊक असण्याचे कारण नव्हते. पण ज्यांना ते ठाऊक होते असे अ‍ॅडमसन आणि क्लाउझर हे दोन इंजिनिअर तिने निवडले आणि काम त्यांच्या हाती सोपवले. १८६१ मध्ये त्या घाटात एका वेळी चाळीस हजारांहून अधिक माणसे राबत होती. विचार करा, चाळीस हजार माणसांना रोज भाकरी लागते, पाणी लागते, झोपायला आडोसा लागतो आणि ठरल्या दिवशी हातात मजुरी पडावी लागते. फॅव्हिएलच्या वेळी कामाचा खोळंबा झाला त्यात डोंगराचा वाटा होताच, पण माणसांच्या हातात न पडलेल्या पैशांचाही होता. बाईच्या काळात गाडी घाट चढून गेली. आपल्याला जे येत नाही ते ओळखणे, ज्याला येते त्याला शोधणे आणि मग त्याच्या कामात लुडबुड न करणे, हे तीन गुण मी पुतण्याच्या यादीत लिहून दिले. चौथा लिहिला, ‘मजुरी वेळेवर’. तो म्हणाला, “काका, हा गुण नाही, हा हिशेब आहे.” मी म्हणालो, “ज्याची मजुरी अडते त्याला विचार.”

तिसरी हकीकत आपल्या कोकण रेल्वेची. रेल्वेतून निवृत्त झालेले ई. श्रीधरन १९९० मध्ये या कामाचे प्रमुख झाले. त्याच्या कितीतरी आधी, १९६४ च्या डिसेंबरात, चक्रीवादळाने रामेश्वरजवळच्या पांबनच्या पुलाचे गर्डर समुद्रात फेकून दिले होते. दुरुस्तीला रेल्वेने सहा महिने धरले होते; वरिष्ठांनी तीनच दिले; तरुण श्रीधरननी समुद्रात बुडालेले गर्डर वर काढून ते काम ४६ दिवसांत उरकले. असा माणूस कोकणात आला. रोह्यापासून मंगळूरपर्यंत सुमारे ७६० किलोमीटर वाट, नव्वदांहून अधिक बोगदे, लहानमोठे मिळून दोन हजारांच्या घरात पूल. रत्नागिरीजवळचा पानवलचा पूल ६४ मीटर उंच, तर करबुड्याचा बोगदा साडेसहा किलोमीटर लांब. श्रीधरननी सारी वाट सात भागांत वाटली आणि प्रत्येक भागावर एकेक मुख्य इंजिनिअर नेमून निर्णयाचे अधिकार त्याला देऊन टाकले. कचेऱ्यांतून त्यांनी उलटी घड्याळे लावली. ती किती वाजले हे सांगत नसत, किती दिवस उरले हे सांगत.

उलट्या घड्याळाची गोष्ट ऐकून पुतण्या खूश झाला. हे उत्तर मुलाखतीत शोभून दिसेल, असे त्याला वाटले असावे. तेव्हा मी त्याला पेडण्याच्या बोगद्याचीही गोष्ट सांगितली. गोव्याच्या उत्तर टोकाला असलेला हा बोगदा जेमतेम दीड किलोमीटरचा. सह्याद्रीचा काळा कातळ यंत्रांनी फोडला, पण पेडण्याला कातळ नव्हता. पाण्याने भिजलेली मऊ माती होती. ती खणावी आणि तिने पुन्हा बसावे, असे किती वेळा झाले! तिथे यंत्रे चालेनात. माणसांनी हातांनी इंच इंच पुढे सरकायचे. मऊ मातीचे असे नऊ बोगदे होते, आणि नुसत्या त्यांच्यापायी १९ माणसे गेली. सबंध मार्गावर ७४ गेली. ठरलेली मुदत टळली, घड्याळ शून्यावर आले असेल, पुन्हा लावले असेल. अखेर २६ जानेवारी १९९८ ला सलग वाहतूक सुरू झाली. घड्याळ माणसांना वाचता येते, मातीला नाही. माती तिच्या वेळानेच चालते. रत्नागिरी स्थानकाजवळ कामावर गेलेल्यांचे श्रमशक्ती स्मारक आहे. गाडीतून उतरून ते किती जण पाहतात, ठाऊक नाही.

आणखी एक गोष्ट श्रीधरनांचीच. दिल्ली मेट्रोचे काम चालू असताना १२ जुलै २००९ रोजी जमरूदपूर येथे बांधकामाचा एक भाग कोसळला आणि माणसे दगावली. श्रीधरननी त्याच दिवशी नैतिक जबाबदारी घेऊन राजीनामा दिला. तो स्वीकारला गेला नाही, ही गोष्ट निराळी. कोसळलेला खांब काही त्यांनी स्वतः उभारलेला नव्हता. ‘चौकशी होऊ द्या’ असे म्हणून त्यांना थांबता आले असते. पण काम आपले म्हटले की पडझडही आपली, हा हिशेब त्यांनी मांडला.

पुतण्याने हे सारे टिपून घेतले, आजीच्या हातचे थालीपीठ खाल्ले आणि जाता जाता दारात विचारले, “काका, तुम्हाला बांधकामाचं एवढं कसं माहीत?”

“वाचनात येतं,” मी म्हणालो.

हे अर्धेच खरे होते. उरलेले अर्धे आता सांगतो.

काही वर्षांपूर्वी मी ज्या महाविद्यालयात होतो तिथे नवे सभागृह बांधायचे ठरले. बांधकाम समिती नेमली गेली आणि तिचा चिटणीस म्हणून माझे नाव घातले गेले. मराठीचे तास सकाळी संपतात, दुपारी हा माणूस मोकळाच असतो, असा त्यामागचा विचार होता. चिटणीसाने इतिवृत्त लिहायचे, बिले पुढे सरकवायची आणि समारंभ घडवून आणायचे. मला ते जमले. साइटवर जाऊन उभे राहायलाही मला आवडू लागले. सळया, रिंगा, सेंट्रिंगच्या फळ्या, खडीचे ढीग यांत मला नवे शब्द सापडत होते, आणि शब्द सापडले की मराठीच्या मास्तरला आपण ज्ञानी झालो असे वाटते.

साइटवर कंत्राटदाराचे एक सुपरवायझर होते. वय पन्नाशीपुढचे, शिक्षण म्हणावे तर शाळेपुरते. सगळे त्यांना अण्णा म्हणत, मीही म्हणे. शर्टाच्या खिशात एक वही आणि पँटच्या खिशात पितळेचा एक लहानसा ओळंबा. सकाळी आले की आधी मजुरांची हजेरी घेत. ती घेताना कोणाचे मूल आजारी आहे, कोणाला उचल हवी आहे, कोणाने रात्री पिऊन मार खाल्ला आहे, हे सारे त्यांना कळे. मग भिंतीला ओळंबा लावून पाहत. गवंड्यावर ओरडताना मी त्यांना कधी ऐकले नाही. भिंत दोन सूत बाहेर गेली असेल तर ते ओळंबा तिथेच टांगून निघून जात. गवंडी पाहायचा आणि आपणच वरचा थर उतरवायचा.

सभागृहाचा स्लॅब पावसाळ्यापूर्वी टाकायचा होता. तारीख ठरली. स्लॅबचा शुभारंभ एका बड्या पाहुण्यांच्या हस्ते व्हायचा होता, पत्रिका छापून वाटल्या होत्या, मंडप सांगितला होता, आणि माझे प्रास्ताविक पाठ झाले होते. दोन दिवस आधी रात्री वळिवाचा पाऊस झाला. सकाळी अण्णा मला सभागृहाच्या आत घेऊन गेले. छत उंच, म्हणून टेकूही उंच होते. एका कोपऱ्यात जुना शोषखड्डा होता. तो बुजवून त्यावर भराव केला होता आणि त्या भरावावर आठ-दहा टेकू उभे होते. अण्णांनी टाच मारली. टाच मातीत रुतली.

“सर, हा कोपरा सोडवून पुन्हा बांधावा लागेल. माती काढायची, मुरूम टाकून धुम्मस मारायची, खाली जाड फळ्या घालायच्या आणि मग टेकू उभे करायचे. चार दिवस द्या.”

“अण्णा, परवा पाहुणे येताहेत!”

“येऊ द्यात की. नारळ फोडू, पेढे वाटू. स्लॅब चार दिवसांनी टाकू.”

“पत्रिकेत स्लॅबचा शुभारंभ म्हणून छापलंय.”

“पत्रिका परत छापता येते, सर.”

हे वाक्य मला झोंबले. वाक्य बरोबर होते म्हणून झोंबले, हे आज कळते. त्या दिवशी मात्र, एका सुपरवायझरने चिटणीसाला असे सुनवावे याचाच राग आला. अण्णांनी साइटवरची सूचना-वही काढली, त्यात आपले म्हणणे चार ओळींत लिहिले, सही केली आणि वही माझ्यापुढे धरली. “समितीतर्फे वाचल्याची सही करा.” मी सही केली नाही. खिशात पेन असूनही केली नाही. त्याऐवजी बाहेर येऊन मी कंत्राटदाराला फोन केला आणि तुमचा माणूस अडवणूक करतो आहे, असे सांगितले. शब्द नेमका ‘अडवणूक’ हाच वापरला. कंत्राटदाराने दुसऱ्या दिवशी एक तरणाबांड मुलगा पाठवला. त्याने कोपऱ्यात चार जादा टेकू ठोकले, आणि ‘होऊन जाईल, सर’ म्हणाला. हे तीन शब्द ऐकायला मी किती आतुर होतो!

समारंभ थाटात झाला. पाहुण्यांनी पहिले घमेले ओतले, भाषण केले, ते निघून गेले. मिक्सर सुरू झाला. एकदा कालवलेले काँक्रीट कोणासाठी थांबत नाही. ते सेट व्हायला लागण्याच्या आत जागेवर पडून ठासले जावे लागते, म्हणून वर माणसांची साखळी अखंड चालू होती. दुपारी तीनच्या सुमारास मी सहज आत डोकावलो, तो खाली अण्णा उभे.

“तुम्ही इथं कसे?” मी विचारले.

“स्लॅब चालू असताना खाली टेकूंकडं बघायला माणूस लागतो. कोणी ठेवलेला दिसला नाही,” ते म्हणाले.

त्यांना कामावरून दूर केले होते. त्यांची त्या दिवसाची हजेरी कुठेही लागणार नव्हती. कोपऱ्यातल्या फळीला त्यांनी आपला ओळंबा लांब दोरीने टांगला होता आणि त्याच्या खाली, भरावापासून दूर, पक्क्या जोत्यावर एक वीट ठेवली होती. ओळंब्याचे टोक विटेपासून दोन बोटे वर होते. मी पाहत होतो. दोनाचे एक बोट झाले. अण्णा काही बोलले नाहीत. मग टोक विटेला टेकले आणि दोरी सैल पडली.

त्या माणसाचा आवाज मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. “उतरा! सगळे उतरा! घमेली टाका!” म्हणत ते बाहेर धावले. मिक्सर बंद पडला, माणसे शिडीवरून, परातीवरून, मिळेल तिथून खाली आली. दोन मिनिटेही झाली नसतील. कोपरा आधी वाकला, मग बसला, आणि ओले काँक्रीट, सळया, फळ्या, सारे एकदम खाली आले. पंधरा-वीस माणसे वर होती. एक सोडून सगळी उतरली होती. तो विशीचा पोरगा व्हायब्रेटर धरून होता. यंत्र टाकून यावे की घेऊन यावे, या विचारात तो क्षणभर थांबला. त्याचा पाय मांडीत मोडला.

संध्याकाळी मी दवाखान्यात गेलो. त्याने मला ओळखले. सकाळी माइकवर मीच बोललो होतो ना! मी काहीतरी धीराचे बोलू लागलो. तो म्हणाला, “सर, माझा आजचा दिवस भरला का?”

इतक्या वर्षांत परीक्षेला बसलेल्या कोणीही मला इतका अवघड प्रश्न विचारलेला नाही.

पुढे रीतीप्रमाणे चौकशी झाली. वळिवाच्या पावसावर बरेच खापर फुटले. अण्णांना बोलावले तेव्हा ते एवढेच म्हणाले, “साइट माझी होती. मी थांबवायला पाहिजे होतं, मला थांबवता आलं नाही.” सूचना-वही टेबलावर होती. ती कोणी उघडली नाही. त्या पानावर त्यांची सही होती आणि तिच्याशेजारी माझ्या सहीची जागा कोरी होती. मी ती वही उघडून पुढे सरकवू शकलो असतो. मी इतिवृत्त लिहीत बसलो. इतिवृत्ताची भाषा निर्दोष होती.

पोरगा सहा महिन्यांनी चालू लागला; थोडा लंगडतो. त्याच्या दवाखान्याचा खर्च झाला, तो कोणी किती केला हे सांगण्यात अर्थ नाही. अण्णा दुसऱ्या गावी दुसऱ्या कामावर गेले. सभागृह पुरे झाले, पुढे मी त्यात ‘साहित्य आणि जीवनमूल्ये’ या विषयावर व्याख्यानही दिले. त्या कोपऱ्याकडे मात्र मी पाहिले नाही.

वाचकहो, यशस्वी प्रोजेक्ट मॅनेजरचे गुण विचाराल तर माझ्या लेखी ते असे आहेत. त्याला क्रम ठाऊक असावा. मजुरांची नावे आणि मजुरीचा दिवस पाठ असावा. येत नाही ते दुसऱ्याला विचारण्याची लाज नसावी. घड्याळ त्याने डोळ्यांपुढे ठेवावे, पण ओळंबा खिशात ठेवावा. आणि दोघांचे भांडण झाले तर ओळंब्याच्या बाजूने उभे राहावे. सांगितलेले लिहून ठेवावे. आणि काम हातातून काढून घेतले तरी खाली टेकूंकडे पाहायला यावे. यातले शेवटचे शिकवता येते की नाही, मला माहीत नाही. पण तेवढेच पुरत नाही. अशा माणसाचे ‘नाही’ ऐकून घेणारा चिटणीसही वर असावा लागतो. अण्णांच्या अंगी सगळे गुण होते. तरीही स्लॅब पडला, कारण ते गुण ज्याने ओळखायचे त्याला पत्रिकेची काळजी होती.

पुतण्याची निवड झाली. दिवाळीनंतर तो रुजू होईल. हा अंक त्याच्या हाती पडेल तेव्हा आपल्या काकाने दारात अर्धेच उत्तर दिले होते, हे त्याला कळेल. कळावे म्हणूनच लिहिले. आज ना उद्या त्याच्याही साइटवर माझ्यासारखा कोणी पांढरपेशा, पत्रिका हातात घेऊन येईलच. त्याच्यापुढे त्याने वही धरावी, आणि सही मिळाल्याशिवाय पेन खिशात जाऊ देऊ नये.